झुंज पाहण्याचे मोल : जालन्याचे मैदान आणि लास वेगासचा पडदा

२३ डिसेंबर २०१८ रोजी जालना येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अंतिम लढतीत बुलडाणा जिल्ह्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेख याने गतविजेता, पुण्याचा अभिजित कटके याच्यावर ११-३ अशा गुणफरकाने मात केली आणि मानाची चांदीची गदा बुलडाण्याच्या नावावर लागली. बाला मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याच्या खडकी गावचा. कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्या हाताखाली तो घडला आणि पुढे पुण्यात त्याने सराव केला. आंदळकरांचे निधन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाले होते. आपल्या जिल्ह्याच्या नावाचा पुकार ऐकून हरखलेल्या बुलडाणेकर शौकिनाला मल्लाच्या मूळ गावाची चौकशी करण्याचे कारण नव्हते. जालना तर देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या तालुक्यांच्या अगदी शेजारचे. ज्याला जमले त्याने गाडीभाडे खर्चून मैदान गाठले, बाकीच्यांनी पडद्यावर समाधान मानले.

त्या लढतीसाठी बुलडाण्याच्या शौकिनाला गाडीभाड्याऐवजी घरबसल्या सहा हजार रुपये मोजावे लागले असते, तर त्याने ते मोजले असते काय? प्रश्न अतिशयोक्त वाटेल. परंतु अमेरिकेत मुष्टियुद्धाच्या चाहत्यांपुढे तो कित्येक वर्षे उभा आहे. तेथे मोठी लढत नेहमीच्या वाहिनीवर दिसत नाही. त्या एका रात्रीपुरते वेगळे शुल्क भरावे लागते. या पद्धतीला ‘पे-पर-व्ह्यू’ म्हणतात. मुख्य लढत आणि तिच्या आधीच्या तीन-चार दुय्यम लढती मिळून जो कार्यक्रम होतो, त्याला ‘कार्ड’ असे नाव आहे. आपल्याकडील मैदानाच्या पत्रकावर जशी एक नंबरची, दोन नंबरची, तीन नंबरची कुस्ती छापलेली असते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की पत्रक वाचून मैदानात शिरणाऱ्याला तेथे पैसे आधी द्यावे लागतात.

पडद्यावरच्या तिकिटाचा इतिहास

या पद्धतीचे मूळ चित्रपटगृहांत आहे. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेली महंमद अली आणि जो फ्रेझर यांची लढत लोकांनी ठिकठिकाणच्या चित्रपटगृहांत तिकीट काढून पाहिली. दोघा मुष्टियोद्ध्यांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले, हा आकडा त्या काळी डोळे दिपवणारा होता. १९७५ साली मनिला येथील अली-फ्रेझर लढत उपग्रहाद्वारे अमेरिकेत पोहोचली. पुढे केबलचे जाळे घरोघरी गेल्यावर चित्रपटगृहाची गरज उरली नाही. एप्रिल १९९१ मधील इव्हॅंडर होलीफिल्ड आणि जॉर्ज फोरमन यांच्या लढतीने घरबसल्या शुल्क भरून पाहण्याच्या धंद्याचा पाया पक्का केला.

या धंद्याचा कळस २ मे २०१५ रोजी गाठला गेला. लास वेगास येथे फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ समोरासमोर आले. ही जोड पाच-सहा वर्षे आधी लागायला हवी होती, असे जाणकार म्हणत होते. शुल्क होते ८९.९५ डॉलर, आणि अधिक स्पष्ट चित्र हवे असल्यास ९९.९५ डॉलर. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सव्वासहा हजार रुपयांच्या घरात जाते. सुमारे ४६ लाख ग्राहकांनी ती भरली. प्रत्यक्षात काय पाहायला मिळाले? मेवेदरने अंतर राखून, बचाव करीत, बारा फेऱ्या शांतपणे खेळून गुणांवर विजय मिळवला. तिन्ही पंचांचा कौल त्याच्या बाजूने होता. तंत्राच्या दृष्टीने ती उत्तम कामगिरी होती, यात शंका नाही. पण ज्याने मित्रमंडळी जमवून, वर्गणी काढून पैसे भरले होते, त्याला हवी असलेली ठिणगी त्यात नव्हती. आधीच्या लढतीही एकतर्फी ठरल्या. त्यातच पॅकियाओच्या खांद्याला आधीपासून दुखापत होती, असे लढतीनंतर उघड झाले आणि फसवणूक झाल्याची ओरड सुरू झाली.

न्यायालयाने काय म्हटले

ग्राहकांनी अमेरिकेत ठिकठिकाणी दावे दाखल केले. दुखापत लपवून आम्हाला कार्यक्रम विकला, असा त्यांचा आक्षेप होता. हे दावे खालच्या न्यायालयात फेटाळले गेले आणि २०१९ साली अपिलातही तो निर्णय कायम राहिला. निकालाचा आशय असा, की ग्राहकाने लढत पाहण्याचा हक्क विकत घेतला होता व लढत त्याला पाहायला मिळाली. ती रंगतदार होईल, ही हमी शुल्कात समाविष्ट नव्हती.

त्याआधीही असेच घडले होते. २८ जून १९९७ रोजी माइक टायसनने तिसऱ्या फेरीत होलीफिल्डच्या कानाचा चावा घेतला आणि तो अपात्र ठरला. सुमारे वीस लाख घरांतून ती लढत शुल्क भरून पाहिली जात होती. पैसे परत मिळावेत म्हणून प्रेक्षक न्यायालयात गेले. २००० साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने त्यांना रिकाम्या हाती परत पाठवले. टायसनचा परवाना रद्द झाला, तीस लाख डॉलरचा दंड झाला, मात्र त्यातील एक सेंटही प्रेक्षकाच्या वाट्याला आला नाही. १९९५ साली तुरुंगातून सुटल्यानंतरच्या टायसनच्या पहिल्या लढतीत तर पीटर मॅकनीली अवघ्या ८९ सेकंदांत बाद झाला. मॅकनीलीचा व्यवस्थापकच रिंगणात घुसला आणि पंचांना लढत थांबवावी लागली. लोकांनी सेकंदाला किती सेंट पडले, याचा हिशेब मांडला!

या साऱ्या निकालांतून एक भेद स्पष्ट होतो. चित्र दिसलेच नाही, प्रक्षेपण मध्येच बंद पडले, तर तो सेवेतील दोष. २०१७ साली मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर यांच्या लढतीच्या वेळी इंटरनेटवरील प्रक्षेपण अनेकांकडे कोलमडले, तेव्हा पैसे परत देण्याची वेळ आली. चित्र दिसले, पण लढत रटाळ निघाली, तर तो ग्राहकाचा धोका. भारतातील ग्राहक संरक्षण कायदा २०१९ देखील सेवेतील त्रुटीविषयी बोलतो. पंचाचा निर्णय पटला नाही वा मल्ल लवकर चीत झाला, ही तक्रार घेऊन कोणी जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभा राहिला तर त्याचे काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आम दंगलीचे अर्थशास्त्र

वऱ्हाडातील यात्रा-जत्रांत भरणाऱ्या कुस्त्यांच्या आम दंगलीत हाच धोका निराळ्या प्रकारे वाटला जातो. दंगलीला बहुधा तिकीट नसते. गावकरी वर्गणी काढतात, दुकानदार आणि पुढारी इनामे पुरस्कृत करतात, ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे पुकारली जातात. प्रथम नारळावर आणि रेवड्यांवर पोरासोरांच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, मग हजारांच्या, आणि दिवस कलताना मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. बाहेरगावच्या मल्लांची जोड पंचकमिटी हातात हात देऊन लावते. वजनात किंवा वयात तफावत असली, तर प्रेक्षकच आरडाओरडा करून ती मोडायला लावतात. कार्ड ठरवण्यात प्रेक्षकाला एवढा अधिकार अमेरिकेत कोणी दिलेला नाही.

खरा फरक पुढे आहे. एखाद्या पोराने अंगापिंडाने थोराड असलेल्या प्रतिस्पर्ध्याला ढाक टाकून चीत केले, की कडेला बसलेला म्हातारा शौकीन उठतो आणि पदरची नोट त्याच्या हातावर ठेवतो. मग दुसरा उठतो, तिसरा उठतो. पटका बांधला जातो, हलगी कडाडते. अर्थात प्रेक्षक पैसे देतो, पण कुस्ती पाहून झाल्यावर, स्वखुशीने, आवडली तेवढेच. लढत फसण्याचा धोका आयोजकाच्या आणि मल्लाच्या माथी असतो. पे-पर-व्ह्यूमध्ये तो पूर्णपणे पाहणाऱ्याच्या माथी येतो, आणि त्याबद्दल त्याच्याकडून पैसेही घेतले जातात.

अर्थात या पद्धतीची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. वर्गणीवर चालणाऱ्या दंगलीत मल्लाची मिळकत अनिश्चित राहते. दोन मल्लांनी खडाखडी करीत वेळ काढावा आणि अंधार पडल्यावर कुस्ती बरोबरीत सोडवावी, हे मैदानावर नवे नाही. इनाम दोघांत वाटून घेण्याचे आधीच ठरले होते, अशी कुजबुज मग घरी परतणाऱ्या गर्दीत चालते. मुष्टियुद्धात बड्या लढतीच्या शुल्कापैकी साधारण निम्मा भाग प्रक्षेपण करणाऱ्या केबल वा उपग्रह कंपन्या घेतात आणि उरलेला आयोजक व लढणारे वाटून घेतात. त्यामुळे मेवेदरसारखा लढवय्या एका रात्रीत जे कमावतो, ते आपल्या मल्लाला साऱ्या कारकिर्दीत दिसत नाही. मात्र कार्डावरील पहिल्या लढतीत खेळणाऱ्या होतकरू पोराच्या हाती त्यातील फारच थोडे पडते, हेही तितकेच खरे.

विदर्भात कुस्तीचे मोल नेहमीच पैशात मोजले गेले, असेही नाही. शेगावात आजही सांगितली जाणारी हरी पाटील आणि गजानन महाराज यांच्या कुस्तीची कथा घ्या. तालमीत खाली बसलेल्या महाराजांना पाटलांनी सारे डाव लावून पाहिले, परंतु ते जागचे हलले नाहीत. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. गावची एक लढत शतकभर सांगितली जाते, ती तिच्यावर लागलेल्या इनामामुळे नव्हे.

निकाल लवकर लागला, तर पैसे वाया गेले काय?

या प्रश्नाचे उत्तर कुस्तीच्या इतिहासातील दोन लढती देतात. दोन्ही गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांच्यातल्या. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये झिबिस्को जवळजवळ सारा वेळ पोटावर पडून राहिला आणि अडीच तासांहून अधिक काळ गामाला त्याला उलथता आले नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा ठरलेल्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला दोघे परत भिडले आणि एक मिनिट पुरे होण्याच्या आत गामाने त्याला अस्मान दाखवले. मिनिटांच्या हिशेबाने लंडनच्या प्रेक्षकाला दीडशेपट माल मिळाला. पण कोणत्या मैदानात असायला आवडेल, असे विचारले तर एकही शौकीन लंडनचे नाव घेणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव येथे सिकंदर शेखने शिवराज राक्षेला मिनिटाच्या आत चीत करून महाराष्ट्र केसरीची गदा उचलली, तेव्हा मैदान डोक्यावर घेणाऱ्या गर्दीत कोणी वेळेचा हिशेब मागितला नाही.

मग टायसन-मॅकनीली आणि गामा-झिबिस्को यांत फरक काय? १९२८ साली निकाल काय लागेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९९५ साली ते सर्वांना ठाऊक होते. जोड बरोबरीची आहे, हा विश्वास प्रेक्षकाच्या पैशाच्या मुळाशी असतो. तो खोटा ठरला की बारा फेऱ्याही महाग आणि खरा ठरला की चाळीस सेकंदही स्वस्त. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्री-स्टाइल कुस्त्यांना तिकीट काढून तुडुंब गर्दी होत असे. त्यांच्या निकालांविषयी तेव्हाही शंका घेतल्या जात. ‘नुरा कुस्ती’ हा शब्द अशा ठरवून केलेल्या लढतींसाठीच रूढ झाला. तिथे जाणारा बहुतेक प्रेक्षक खेळापेक्षा खेळाचा तमाशा पाहायला जात होता आणि त्या दृष्टीने त्याचे पैसे वसूलही होत होते.

पाहणाऱ्याचा विचार आधी करणारे एक मैदान महाराष्ट्रातच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. युरोपच्या दौऱ्यात पाहिलेल्या प्राचीन रंगमंडलाचा नमुना महाराजांच्या डोळ्यांपुढे होता. मध्यभागी आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी रचना असल्याने कोठेही बसले तरी मल्ल दिसतो. आजच्या भाषेत सांगायचे, तर स्वस्त जागेवरच्या माणसालाही स्पष्ट चित्र मिळावे, हा विचार तेथे शंभर वर्षांपूर्वी झाला होता.

भारतात हे दुकान का चालले नाही

मुष्टियुद्धाची पे-पर-व्ह्यू पद्धत भारतात रुजली नाही. व्यावसायिक झालेल्या विजेंदर सिंगची लढत ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीला चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीविरुद्ध झाली. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे होते त्यांनी तिकीट काढले, बाकीच्या देशाला ती नेहमीच्या क्रीडावाहिनीवर दिसली. प्रो रेसलिंग लीग २०१५ साली सुरू झाली, नोव्हेंबर २०१८ मध्ये पुण्यात बालेवाडीला ‘महाराष्ट्र कुस्ती दंगल’ रंगली आणि तीत ‘विदर्भाचे वाघ’ नावाचा संघही उतरला. त्यांचा खर्च प्रायोजक आणि जाहिरातींनी उचलला, पाहणाऱ्याकडून वेगळे शुल्क मागितले गेले नाही. याचे कारण सरळ आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार जी वाहिनी संचात द्यायची तिचा महिन्याचा कमाल दर १९ रुपये आहे. २०२० साली हीच मर्यादा १२ रुपयांवर आणली गेली होती, २०२२ मध्ये ती पुन्हा १९ करण्यात आली. महिनाभर क्रिकेटसह सारे काही एवढ्या दरात पाहणाऱ्या मलकापूर वा खामगावच्या कुटुंबाला एका रात्रीसाठी हजारो रुपये भरायला कोण सांगणार?

अमेरिकेतही वारे बदलले आहे. एचबीओ या वाहिनीने २०१८ च्या अखेरीस मुष्टियुद्धाचा गाशा गुंडाळला. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी अठ्ठावन्न वर्षांचा टायसन आणि जेक पॉल यांची लढत नेटफ्लिक्सने आपल्या साऱ्या वर्गणीदारांना वेगळे शुल्क न घेता दाखवली. त्यामुळे ती भारतातही त्याच वर्गणीत दिसली. त्या रात्रीचे कार्ड या विषयाचा उत्तम नमुना ठरावे. मुख्य लढत थकलेली आणि निराशाजनक झाली, चित्र अनेकांकडे अडखळत राहिले. पण तिच्या आधीची केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांची लढत वर्षातील सर्वोत्तम लढतींत गणली गेली, आणि त्याच कार्डावर हरियाणाच्या नीरज गोयतने ब्राझीलच्या प्रतिस्पर्ध्याला गुणांवर हरवले. ज्याने केवळ टायसनचे नाव वाचून पहाटेचा गजर लावला, तो फसला. जो पत्रक शेवटपर्यंत वाचून बसला, त्याची सकाळ कारणी लागली. सप्टेंबर २०२५ मधील कॅनेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांची मोठी लढतही याच मार्गाने वर्गणीदारांपर्यंत पोहोचली. मिश्र युद्धकलेतील ‘यूएफसी’ या संस्थेने तर २०२६ पासून अमेरिकेत पे-पर-व्ह्यू सोडून सात वर्षांचा वर्गणीवर आधारित करार स्वीकारला.

तेव्हा शौकिनाने खिशात हात घालण्यापूर्वी शेवटच्या कुस्तीचे नाव पाहू नये, दोन आणि तीन नंबरच्या जोडी पाहाव्यात. मोठे नाव ओसरत्या वयात उतरते आहे की भरात आहे, हे तपासावे. दुसऱ्या दिवशी तेच चित्रण फुकट उपलब्ध होणार असेल, तर आपण निकाल कळण्याआधीच्या उत्कंठेचे तेवढे पैसे देत आहोत, याचे भान ठेवावे. ही उत्कंठा काहींना खरोखरच हजारो रुपयांची वाटते आणि त्यात गैर काही नाही. चार मित्रांनी मिळून एकाच घरी पाहिले, तर हिशेब पुष्कळ बदलतो. अमेरिकन चाहत्यानेही वर्षानुवर्षे हाच उपाय केला आहे.

फुकट वा स्वस्त मैदानातही प्रेक्षकाची निराशा होतच नाही, असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुस्ती संघटनांतील फुटीमुळे एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. खरा केसरी कोणता, याचे उत्तर पाहणाऱ्याने ज्याचे त्याने ठरवायचे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे तर उपांत्य लढतीच्या निकालावरून राक्षेने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड वेळ संपण्याआधीच निषेध करीत आखाड्याबाहेर गेला आणि पृथ्वीराज मोहोळ विजयी घोषित झाला. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. दूरदूरच्या गावांहून आलेल्या शौकिनांना वर्षभर वाट पाहिलेली अंतिम कुस्ती शेवटपर्यंत पाहायला मिळाली नाही, आणि त्या रात्री ते मिळेल त्या वाहनाने घराकडे परतले.